संथपणे पण नेटाने काम करणाऱ्या माणसाला 'दीर्घसूत्री' म्हणता येईल का? या शब्दाचा मूळ अर्थ काय?

नाही, तसे म्हणू नये. 'दीर्घसूत्री' हा दोष दाखवणारा शब्द आहे. आपल्या मनात असलेल्या माणसासाठी मराठीत 'दीर्घोद्योगी' हा शब्द आहे.

'सूत्र' म्हणजे सूत, दोरा. जो हातातल्या कामाचा दोरा उगाच लांबवत नेतो, आपण ज्याला चऱ्हाट लावणे म्हणतो तसे करतो, तो दीर्घसूत्री. अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात 'दीर्घसूत्रश्चिरक्रियः', म्हणजे काम करायला फार वेळ लावणारा, असा याचा अर्थ दिला आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात (श्लोक 28) तामस कर्त्याची लक्षणे सांगताना आळशी आणि विषादी यांच्या पंक्तीला दीर्घसूत्री बसवला आहे, आणि त्यावरील भाष्यात शंकराचार्यांनी जे स्पष्टीकरण दिले आहे त्याहून नेमके मला दुसरे माहीत नाही: जे आज किंवा उद्या करायचे ते जो महिन्यातही करत नाही, तो. महाभारताच्या शांतिपर्वातल्या तीन माशांच्या गोष्टीत कोळी तळ्याचे पाणी बाहेर काढत असतानाही घाई करायला नको असे म्हणणारा मासा दीर्घसूत्रच आहे, आणि शेवटी तोच मरतो.

घोटाळा होतो तो बहुधा 'सूत्रे हाती घेणे' यासारख्या प्रयोगांमुळे. त्यांच्या ओघात दीर्घसूत्री म्हणजे लांबचा विचार करून आखणी करणारा, असा अर्थ मनात तयार होतो. शिफारसपत्रात हा शब्द गौरवाने लिहिला, तर जाणकार वाचणाऱ्याला ती तक्रार वाटेल.

'उद्योग' या शब्दात 'उद्' हा उपसर्ग आणि 'युज्' म्हणजे जोडणे, जुंपणे हा धातू आहे. स्वतःला कामाला जुंपून घेऊन दीर्घकाळ न कंटाळता ते करत राहणारा तो दीर्घोद्योगी. त्याचा वेग कमी असेल, पण काम थांबलेले नसते. बोलताना 'चिकाटीचा माणूस' म्हटले तरी चालते. 'चेंगट' मात्र त्याला म्हणू नये, कारण त्यात रेंगाळण्याचा राग आहे.

संथपणाचाच गौरव करणारा शब्दही महाभारतात आहे, आणि तो विस्मरणात गेला याचे मला वाईट वाटते. शांतिपर्वातच गौतमाचा मुलगा चिरकारी याची कथा येते. रागाच्या भरात गौतम त्याला आईचा वध करण्याची आज्ञा देऊन अरण्यात निघून जातो; मुलगा पित्याची आज्ञा आणि मातेचे ऋण यांचा इतका वेळ विचार करत राहतो की, तेवढ्यात पश्चात्ताप झालेला बाप घाईघाईने परत येतो आणि पत्नी जिवंत असलेली पाहून मुलाच्या सावकाशपणाचे कौतुक करतो. विचारपूर्वक, वेळ घेऊन निर्णय करणाऱ्यासाठी लेखनात 'चिरकारी' अवश्य वापरावा. रोजचे काम नेटाने करणाऱ्यासाठी मात्र 'दीर्घोद्योगी' हाच योग्य.