केमो चालू असताना रात्री ताप आला तर सकाळपर्यंत थांबलं तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की आईच्या तिसऱ्या केमोला आठ दिवस झालेत, आत्ता १०१ ताप आहे आणि डॉक्टर सकाळी दहाला ओपीडीत येतात, तोवर डोलो देऊन थांबावं का. नका थांबू. आधी निघा, बाकीचं वाटेत वाचा, गाडी नसेल तर १०८ ला फोन लावा.

आम्ही हेच करून बसलो होतो म्हणून सांगतोय. आमचं गाव जांबोटीच्या अलीकडं, जुलैचा पाऊस, आईच्या केमोचा नववा दिवस, रात्री अकराला १००.८. मी म्हटलं गारठ्यानं आला असेल, गोळी दिली, ताप उतरला पण, आणि आम्ही निवांत झोपलो. पहाटे तीनला अशी हुडहुडी भरली की खाट वाजायला लागली. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी एकदम खाली जातात, तेव्हा इन्फेक्शन झालं तरी सूज नाही, पू नाही, कारण त्यालाही पेशी लागतात की, नुसता ताप तेवढा येतो आणि गोळीनं आपण तोच झाकून टाकतो. १००.४ किंवा त्याच्या वर गेला की हॉस्पिटल गाठायचं, आणि पोचल्यापासून तासाभरात शिरेतनं अँटिबायोटिक सुरू व्हायला पाहिजे.

आमचा तो तास बाकड्यावरच गेला. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, बेळगावातलंच, कॅज्युअल्टीत 'फीवर' लिहून चिठ्ठी दिली आणि बसवलं, एका बाजूला खोकणारा माणूस, दुसरीकडं बाईकवरनं पडलेला पोरगा. पाऊण तासानं आईच्या डोक्यावरची ओढणी घसरली, टक्कल बघून एका सिस्टरनं विचारलं, "कीमो आगेद एन्री?" म्हणजे केमो झालंय का. मग जी पळापळ झाली! न्यूट्रोफिल, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, फक्त २०० निघाले, सहा दिवस ॲडमिट. राग आला होता खरा, पण मी तरी काय सांगत होतो, ताप आहे, थंडी वाजतेय, एवढंच. केमो हा शब्द माझ्या तोंडातनं निघालाच नव्हता.

म्हणून काउंटरवर पहिलं वाक्य हेच बोला की केमोला आठ दिवस झालेत, ताप आहे, सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) लगेच काढा. समोरच्याला मराठी कळत नसेल तर "कीमो आगेद, ज्वर बंदाव" एवढं पुरे. केमोच्या औषधांची नावं असलेला डिस्चार्जचा कागद आणि मागचे सीबीसी पाहिजेतच, फाईल सापडेना तर मोबाईलमधले फोटो चालतात, शोधत बसू नका. आईला मास्क लावा, गर्दीपासनं लांब बसवायला सांगा. पोर्ट किंवा पिक लाईन (औषधासाठी शिरेत बसवून ठेवलेली नळी) असेल तर तेही सांगा, कधीकधी इन्फेक्शन तिथनंच शिरतं. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना गाडीतनंच फोन लावा, ते ड्युटी डॉक्टरशी बोलले की काम लवकर हलतं.

ताप नसला तरी पुढं कधी पाठ दुखून पायातलं बळ गेलं, लघवी अडकली, रक्त थांबेना किंवा पाणीसुद्धा पोटात टिकेना, तरी असंच रात्री उठून जायचं.

सीबीसीचा आकडा कळला की इथं टाका, मी जागाच आहे.