एका माणसाच्या छंदातून संस्कृती जपणारी संस्था खरंच उभी राहू शकते का?

राहू शकते. पुण्यात शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहून या.

दिनकर गंगाधर केळकरांचा व्यवसाय चष्म्यांचा. 'अज्ञातवासी' या नावानं ते कविता लिहायचे. १९२० च्या सुमारास जुन्या वस्तूंचा नाद लागला आणि पुढची कित्येक वर्षं ते गावोगाव हिंडत राहिले. पत्नी कमलाबाईंची साथ होती. मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या आठवणीसाठी संग्रहाला त्याचं नाव दिलं. १९६२ मध्ये संग्रहालय आकाराला आलं आणि १९७५ मध्ये केळकरांनी ते सगळं महाराष्ट्र शासनाच्या हवाली केलं. मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. इतक्या मायेनं जमवलेलं हयातीतच देऊन टाकायचं, हे किती जणांना जमेल? दिलं म्हणूनच ते त्यांच्यामागेही एकत्र राहिलं.

आणि जमवलं काय, तर मुख्यतः घरातलं. दिवे, दौती, अडकित्ते, कोरीव दारं, वाद्यं. पितळेची वज्री पाहिली आहे का कधी? पायाच्या टाचा घासायची. खालची बाजू खरखरीत, वर मोर किंवा हत्ती, आणि कितीतरी वज्रींच्या पोटात खडे, म्हणजे घासताना त्या वाजतात! न्हाणीघरातल्या वस्तूवर कुणा कारागिरानं एवढा जीव लावला, आणि त्याचं नावही कुठे नाही.

आमच्या आजीकडेही अशी एक वज्री होती. स्टीलचे डबे घरोघर आले तेव्हा तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर तीही मोडीत गेली. वजनावर. तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही, मला आता वाटतं. अशा हजारो घरांतून जे मोडीत निघालं असतं, ते केळकरांनी उचललं.

कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणून इथे पुन्हा उभे केले. लोक मुख्यतः तो बघायला येतात. येऊ देत.

आज संग्रहात २०,०००हून जास्त वस्तू आहेत, पण मांडलेल्या त्यातल्या थोड्याच, कारण जागा अपुरी. तरीही सगळं एका फेरीत उरकू नका. अडकित्त्यांच्या कपाटापुढे निवांत उभे राहा. पोपटाच्या आकाराचे, मिठीतल्या जोडप्याचे, एकासारखा दुसरा नाही. सुपारी तर सगळ्यांनी सारखीच कातरली असेल.