खाली डंक, वर गळती, आणि मालक म्हणतो 'खोली सोडा'

प्रश्न : पुण्यात 11 महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर राहतो. मालकाने तळमजल्यावर मसाला कांडपाचा डंक सुरू केलाय, तोही पहाटे पाचपासून. सासूबाईंना दमा आहे, मिरचीच्या खकाण्याने खिडकी उघडता येत नाही. बाथरूमच्या छतातून पाणी गळतं. बोललं की "पटत नसेल तर सोडा, नाहीतर पाणी बंद करीन," असं उत्तर मिळतं. भाडं थांबवू का?

उत्तर : ताई, भाडं अजिबात थांबवू नका. आज करार पाळणारे तुम्ही आहात आणि मोडणारा तो. हप्ता चुकला की नेमकं उलटं होईल. दर महिन्याला बँकेतूनच पैसे पाठवा.

दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करा, असं शेजारीपाजारी सांगतील. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 14 मध्ये तशी सोय आहे : लेखी नोटीस, 15 दिवसांची वाट, मग वर्षाच्या भाड्याच्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश इतकी वजावट. पण ती भाडेकरूसाठी आहे. लायसन्सधारक, म्हणजे तुमच्यासारखा लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा, कायद्याने भाडेकरू नसतो, आणि हा फरक न कळल्याने लोक फार नुकसान करून घेतात. पाणी-वीज तोडण्याला मनाई करणाऱ्या कलम 29 चंही तेच, तेही भाडेकरूबद्दलच बोलतं. त्यामुळे तुमचा खरा आधार म्हणजे तुमचा करारनामा. दुरुस्ती कोणी करायची, पाण्याची सोय काय, नोटीस किती दिवसांची, लॉक-इन (ठरावीक काळ खोली सोडता येणार नाही अशी अट) आहे का, ही कलमं आज रात्रीच शांतपणे वाचा.

मग मालकाला पत्र लिहा. भाषा साधी ठेवा : "अमुक तारखेपासून बाथरूमच्या छतातून गळती आहे, फोटो जोडले आहेत. करारातील कलम अमुकप्रमाणे 15 दिवसांत दुरुस्ती करावी. पाणीपुरवठा तोडण्याची धमकी अमुक दिवशी दिली, तसे करू नये." स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, प्रत व्हॉट्सॲपवरही टाका. त्याने खरंच नळ बंद केला तर दिवाणी न्यायालयात तातडीचा मनाई हुकूम मागता येतो, आणि तेव्हा हे पत्र कामी येतं.

आवाजाच्या बाबतीत मात्र तुम्ही भाडेकरू की लायसन्सधारक, हा प्रश्नच येत नाही. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. म्हणजे पाचला सुरू होणारा डंक रात्रीच्या मर्यादेत मोजला जातो. मर्यादेपेक्षा 10 डेसिबल किंवा अधिक आवाज असेल तर तक्रारीचा हक्क नियमातच आहे. मशीन सुरू असतानाच 112 ला फोन करा, नंतर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर शिक्का घ्या. मोबाईलवरच्या ॲपचं मोजमाप कच्चा पुरावा आहे, पण वेळ दिसेल असा व्हिडिओ जरूर काढा. महापालिकेत माहिती अधिकाराखाली एवढंच विचारा : या पत्त्यावर कांडपाचा परवाना आहे का, आणि कोणत्या अटींवर? माझ्या मते सगळ्यात आधी मालक इथेच नरमेल, कारण धंदा बंद पडण्याची भीती त्याला तुमच्या पत्रापेक्षा जास्त वाटेल. सासूबाईंच्या डॉक्टरांकडून धुळीचा त्रास नोंदवलेलं पत्रही घ्या. दम्याच्या माणसाला खकाण्यात ठेवणं ही किरकोळ गैरसोय नाही, आणि तुम्हीही ती तशी मानू नका.

मुदत असेपर्यंत तो कुलूप बदलून तुम्हाला बाहेर काढू शकत नाही. मुदत संपल्यावरसुद्धा त्याला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली (हे मात्र लायसन्सबद्दलच आहे) सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जावं लागतं. पण तुम्ही मात्र मुदतीनंतर एक दिवसही राहू नका, कारण त्याच कलमात दुप्पट लायसन्स शुल्काचा, म्हणजे दुप्पट भाड्याचा, दंड आहे. सोडायचं ठरलं तर करारातल्या मुदतीची लेखी नोटीस द्या, रिकाम्या खोल्यांचा आणि वीजमीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, आणि डिपॉझिट परत मिळतंय त्याच वेळी सहीच्या पावतीवर चाव्या द्या.