झेब्राफिशमध्ये ल्युकेमिया: सुरुवातीलाच या चुका टाळा

झेब्राफिशमध्ये ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) घडवून अभ्यासायला तुम्ही रॅग२ प्रमोटरखाली (टी आणि बी या रक्तपेशींत जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) मिक (कॅन्सर घडवणारं जनुक) आणि जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) असलेल्या माशांपासून सुरुवात करताय, ते योग्यच. पण मिक सतत चालू असलेले मासे बहुतेकदा वंश वाढवण्याआधीच मरतात आणि लाइन (तेच जनुक असलेला माशांचा वंश) टिकत नाही. म्हणून क्रे-लॉक्सवाली लाइन घ्या: डीएनए कापणारं क्रे हे एन्झाइम उष्णतेने चालू होतं आणि लॉक्स खुणांमधला अडथळा काढून मिक चालू करतं, एरवी मिक बंद. पिल्लं २८.५ अंशांवर वाढवा, तिसऱ्या दिवशी ३७ अंशांवर पाऊण तास ठेवा. पाणी आधी तापवून घ्या, नाहीतर वेळ तापण्यातच जाते. उष्णता न दिलेली भावंडं तुलनेसाठी हवीतच, कारण क्रे चालवणारा हीट-शॉक प्रमोटर थोडा गळतो, म्हणजे उष्णतेशिवायही जरासा चालू राहतो.

सगळ्यात मोठी फसगत थायमसची (टी-पेशी तयार होतात तो अवयव). पाच-सहा दिवसांच्या निरोगी पिल्लातही तो हिरवा चमकतो. तो कॅन्सर नव्हे. चमक थायमसबाहेर, कल्ल्यांभोवती आणि डोळ्यामागे पसरतेय का, हे दर आठवड्याला त्याच एक्स्पोजरवर फोटो काढून पाहा. पोटातलं अन्नही चमकतं, तेव्हा आधी मासे उपाशी ठेवा.

माशांना भूल ट्रायकेन या औषधाची, पण ते आम्लधर्मी असतं. बफरने पीएच ७ वर आणल्याशिवाय मासा त्यात घालू नका.

माशाचं रक्त हाडांच्या मज्जेत नव्हे, मूत्रपिंडात तयार होतं. फ्लो सायटोमेट्रीला (एकेक पेशी लेझरने तपासून मोजण्याची पद्धत) तेच घ्या. रॅग२ टी आणि बी दोन्ही पेशींत चालतो, म्हणून नुसत्या हिरव्या रंगावरून टी-पेशींचा ल्युकेमिया लिहू नका. एलसीकेसारखी टी-पेशींची जनुकं त्यात चालू आहेत का, ते तपासा.