वाचकांचे प्रश्न : मजूर पक्ष आता कोणाचा?

प्रश्न : गिरण्या गेल्या, तरुण मुले ॲपवरून जेवण पोहोचवतात. अशा काळात कामगारांच्या पक्षांनी कोणासाठी उभे राहायचे?

उत्तर : कामगार गिरणीच्या फाटकावरच भेटतो, हे गृहीतक आधी सोडावे. डॉ. आंबेडकरांच्या १९३६ च्या स्वतंत्र मजूर पक्षाने गिरणी कामगारांबरोबर खोतीखालच्या, म्हणजे कोकणातल्या जमीनदारी पद्धतीखालच्या, कुळांचाही प्रश्न हाती घेतला होता. पुढे एकच ठरावीक मालक नसलेल्या हमालांसाठी १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे आली. मालकाने मजुरीवर लेव्ही, म्हणजे जादा आकार, भरावी आणि मंडळाने त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस द्यावा, ही व्यवस्था ॲपच्या प्रत्येक ऑर्डरलाही लावता येईल. राजस्थानने ॲपवरच्या कामगारांसाठीच्या २०२३ च्या कायद्यात व्यवहारामागे शुल्काची तरतूद केली; माथाडी कायद्याच्या महाराष्ट्रात खरे तर ही मागणी आधी व्हायला हवी होती.