शरीरशुद्धीच्या काढ्यांत कोणत्या वनस्पती असतात आणि त्या खरंच काही ‘साफ’ करतात का?

बाटलीमागची यादी वाचली की बहुधा तीच मंडळी भेटतात: सोनामुखी, हिरडा, पुनर्नवा, गुळवेल, ज्येष्ठमध.

‘शुद्धी झाली’ असं जे वाटतं, ते बरंचसं सोनामुखीचं काम. तिच्या पानांतली सेनोसाइड द्रव्यं मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू ती फोडतात आणि आतड्याची हालचाल वाढते. म्हणून रात्री घेतलेला काढा 6 ते 12 तासांनी, म्हणजे सकाळी, पळवतो. हे साधं जुलाबाचं औषध आहे, गोंडस नाव दिलेलं. आठवड्याहून जास्त सलग घेऊ नका, पोटॅशियम घटतं.

पुनर्नवा परंपरेने लघवी वाढवण्यासाठी वापरतात. वजनकाटा खाली आला तर खूश होऊ नका, ते पाणी गेलेलं असतं. ज्येष्ठमधाने चव गोड होते, पण जास्त प्रमाणात रक्तदाब वाढतो. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा ‘वनस्पती आहे, काय होणार?’ हे डोक्यातून काढा.

विषारी द्रव्यांचं म्हणाल, तर ते खातं यकृत आणि मूत्रपिंडं रोज सांभाळतातच. गरोदर असाल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली उघडू नका.