नव्याने बायबल हाती घेताना

उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात नको. बरेच जण लेवीय या तिसऱ्या पुस्तकातल्या यज्ञविधींत अडकतात आणि पुस्तक मिटतं. मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची हकीकत, घ्या. १६ अध्याय आहेत, रोज एक पुरे.

मग इफिसकरांस पत्र २:८-१० (अध्याय २, वचनं ८ ते १०). तारण, म्हणजे पापापासून सुटका, कृपेने, विश्वासाद्वारे मिळतं. ते देवाचं दान आहे. दहावं वचन गाळू नका, सत्कृत्यं तिथेच येतात, पण तारणाची किंमत म्हणून नव्हे. नवस फेडणं पाहत वाढलेल्याला हे पचायला वेळ लागतो. लागू दे, घाई नाही.

देवाची इच्छा शोधताना होणारी नेहमीची चूक: डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आज्ञा मानायची. त्याऐवजी मागची-पुढची दहा वचनं वाचा. उघड सांगितलेलं आधी पाळा, उदाहरणार्थ १ थेस्सलनीकाकरांस ५:१६-१८: सदा आनंदी राहा, प्रार्थना करत राहा, सर्व स्थितीत आभार माना. नोकरी-लग्नाबद्दल प्रार्थना करा, चर्चमधल्या जाणत्यांशीही बोला.

गोव्यातल्या रायतूरला १६१६ साली छापलेलं क्रिस्तपुराण, म्हणजे बायबलची कथा ओव्यांत सांगणारं काव्य, सुंदर आहे, पण त्यातली जुनी मराठी सध्या राहू द्या.